अँप्यूल कुठे ठेवली आहे?

पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल दहा मिलीची असते. डिस्टिल्ड वॉटरचीही दहा मिलीची मिळते. दोन्हींत दिसतं ते बिनरंगी पाणीच, आणि बऱ्याच अँप्यूलवरची छपाई इतकी बारीक असते की रात्री तीनला, वॉर्डातले निम्मे दिवे बंद असताना, ती वाचायला अँप्यूल डोळ्यांजवळ धरावी लागते. एकीने अँटिबायोटिकची पावडर विरघळवायची असते. दुसरी, म्हणजे पोटॅशियमची, तशीच्या तशी शिरेत गेली तर हृदय बंद पडतं.

त्यामुळे रुग्णसुरक्षेचा विषय निघाला की मानांकनाचं प्रमाणपत्र आणि भिंतीवरची ब्रीदवाक्यं बाजूला ठेवून माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुमच्या वॉर्डात पोटॅशियम कुठे ठेवलंय? ‘ट्रॉलीच्या वरच्या खणात, डिस्टिल्ड वॉटरशेजारी’ असं उत्तर आलं तर त्या रुग्णालयाबद्दल पुष्कळ काही कळतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ साली आपली पहिली धोक्याची सूचना काढली ती याच औषधावर. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेनेही २००२ साली सुरुवात इथूनच केली. दोघांचंही म्हणणं साधं होतं: ही दाट अँप्यूल वॉर्डातून उचला. सिस्टरना आणखी एक प्रशिक्षण द्या, असं त्यात मुख्य नव्हतं.

हिशेब सांगतो. १५ टक्क्यांच्या दहा मिलीत दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे २० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, पोटॅशियम मोजायचं एकक). साध्या वॉर्डात हाताच्या शिरेतून द्यायचं तर तासाला १० एमईक्यूच्या पुढे जायचं नाही आणि लिटरमागे ४० च्या वर दाट करायचं नाही, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे एक अँप्यूल ५०० मिली सलाइनमध्ये घालायची आणि ती बाटली दोन तासांच्या आत संपू द्यायची नाही. याहून वेगाने द्यायची वेळ आली तर पेशंट मॉनिटरवर हवा, म्हणजे आयसीयूत हवा. आणि त्याआधी त्याला लघवी होते आहे ना, हे पाहायचं, कारण मूत्रपिंड बंद असेल तर दिलेलं पोटॅशियम बाहेर पडायला वाटच नसते.

एवढं सगळं पाळूनही एक गफलत होते, ती पुष्कळ अनुभवी हातांकडूनही. सलाइन लटकवलेलंच असतं, चालू असतं, आणि वरून पोटॅशियम सिरिंजने आत सोडलं जातं. पोटॅशियमचं द्रावण जड असल्यामुळे ते बाटलीत मिसळत नाही, तळाशी बसतं. तळाशीच बाहेर जाणारी नळी असते. मग कागदावर ‘५०० मिलीत २० एमईक्यू’ असं नीट लिहिलेलं असतं आणि पेशंटच्या शिरेत मात्र पहिल्या काही मिनिटांत जवळपास सगळंच जातं. ड्रिप बंद करायची, बाटली खाली घ्यायची, औषध घालायचं, बाटली दहा वेळा उलटीसुलटी करायची, लेबल लावायचं, मग लटकवायची. अर्धं मिनिट जास्त लागतं.

‘पण इमर्जन्सीत लागलं तर?’ हा पोटॅशियम वॉर्डात ठेवण्याच्या बाजूने कायमचा युक्तिवाद. त्यात तथ्य फार थोडं आहे. पोटॅशियम भरून काढणं हे तासांचं काम, मिनिटांचं नाही. आणि ज्याला खरोखर तातडीने हवं आहे त्याची जागा वॉर्डात नाही. तालुक्याच्या ठिकाणी रात्री फार्मसी बंद असते ही अडचण मात्र खरी. तिथे कॅज्युअल्टीत किंवा आयसीयूत कुलपाच्या वेगळ्या डब्यात पाच अँप्यूल ठेवायच्या, डब्यावर लाल अक्षरात ‘पातळ करूनच’ लिहायचं, आणि अँप्यूल काढताना पेशंटचं नाव लिहून सही करायची. प्रत्येक ओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, डबा मोजायचा. यात खर्च आहे तो एका कुलपाचा.

हे एवढं लांबवलं, कारण सुरक्षिततेच्या बाबतीत आपल्याकडे सगळा भार माणसाच्या लक्षावर टाकायची सवय आहे. चूक झाली की मीटिंग, मीटिंगमध्ये ‘यापुढे सर्वांनी काळजीपूर्वक काम करावे’, त्यावर सगळ्यांच्या सह्या. सह्या करणाऱ्यांत आधीही कुणी निष्काळजीपणे काम करायचं ठरवून आलेलं नसतं. चाळीस खाटांना रात्री दोन सिस्टर, त्यातली एक ऑपरेशनचा पेशंट आणायला गेलेली, तिथे ‘लक्ष द्या’ ही सूचना चौथ्या दिवशी हवेत विरते. कुलूप मात्र चौथ्या दिवशीही कुलूपच असतं.

संध्याकाळी आठच्या इंजेक्शनांची वेळ घ्या. तीस पेशंट असतील तर साठ-सत्तर इंजेक्शनं होतात. वेळ वाचावा म्हणून काय होतं? सगळी इंजेक्शनं नर्सिंग स्टेशनवरच लोड केली जातात, मोठ्या ट्रेमध्ये ओळीने मांडली जातात आणि प्रत्येकाखाली खाट क्रमांकाची चिठ्ठी. दिसायला नीटनेटकं. पण पँटोप्राझोल, ऑन्डान्सेट्रॉन, ट्रामाडोल, साधं सलाइन, सिरिंजमध्ये गेल्यावर सगळी सारखीच दिसतात. ट्रेला धक्का लागला की चिठ्ठ्या सरकतात. संध्याकाळी सातला बारा नंबरचा पेशंट पंख्याखाली हवा म्हणून चौदावर गेलेला असतो. खाट क्रमांक ही पेशंटची ओळख होऊच शकत नाही, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं आणि वॉर्डात शेवटच्या पानावरही नसतं.

नियम असा हवा: एका वेळी एक पेशंट, एक ट्रे, केसपेपर सोबत, आणि औषध खाटेपाशीच लोड करायचं. हातातून सिरिंज खाली ठेवायची वेळ आली, फोन घ्यायला असो वा व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली नळी) बघायला, तर आधी लेबल. लेबल म्हणजे छापील स्टिकरच हवा असं नाही; स्टिकिंगच्या तुकड्यावर बॉलपेनने लिहिलेलं चालतं. त्यावर औषधाचं नाव, सिरिंजमध्ये एकूण किती, एका मिलीत किती, वेळ आणि आद्याक्षरं. लेबल नळीवर उभं चिकटवायचं, म्हणजे मिलीच्या रेघा झाकल्या जात नाहीत. रिकाम्या सिरिंजवर आधीच लेबल लावून ठेवायचं नाही. तिच्यात दुसरंच काहीतरी भरलं जातं. आणि बिनलेबलची सिरिंज सापडली तर ‘फ्लशच (नळी धुवायचं सलाइन) असेल’ असं म्हणून वापरायची नाही, सरळ टाकायची. ऑपरेशन थिएटरमध्ये हा नियम जीव वाचवतो, कारण तिथे बिनलेबलची सिरिंज स्नायू लुळे करणाऱ्या औषधाचीही असू शकते. ते औषध फ्लश समजून रिकव्हरीत दिलं गेलं तर पेशंट पूर्ण शुद्धीत असतो, पण श्वास घेऊ शकत नाही.

थिएटरमधलंच आणखी एक उदाहरण. पाठीत द्यायची भुलीची ब्युपिव्हॅकेन आणि रक्तस्राव थांबवायचं ट्रानेक्सॅमिक ॲसिड, दोन्ही लहान पारदर्शक अँप्यूलमध्ये येतात आणि सिझेरियनच्या टेबलाजवळ दोन्ही लागतात. ट्रानेक्सॅमिक चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर झटके येतात, पेशंट दगावू शकतो. यावर उपाय म्हणून वाचनाची सवय लावणं चांगलंच. पण ट्रानेक्सॅमिक भुलीच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, हा त्याहून चांगला उपाय.

ओळख पटवण्याचं म्हणाल तर प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘तुम्ही सुनीता पवार ना?’ असं विचारलं की आपल्याकडचा पेशंट ‘हो’ म्हणतो. ऐकू कमी येत असेल तरी हो, झोपेत असेल तरी हो, पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला नाही म्हणायचं कसं म्हणूनही हो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं आणि उत्तर मनगटावरच्या पट्टीशी, पट्टीवरचा आयपीडी (भरतीचा) नंबर केसपेपरशी ताडायचा. एकाच वॉर्डात दोन सुनीता पवार असणं महाराष्ट्रात मुळीच दुर्मीळ नाही. शिवाय केसपेपरवर सासरचं नाव, योजनेच्या कार्डावर माहेरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. अशा दोघी असतील तर दोन्ही केसपेपरांच्या दर्शनी बाजूला ‘नामसाधर्म्य’ असा शिक्का मारायचा आणि शक्यतो दोघींना शेजारच्या खाटा द्यायच्या नाहीत. नवजात बाळांचं तर नावच नसतं. ‘बेबी ऑफ’ एवढंच. जुळी असतील तर पट्टीवर पहिलं-दुसरं आणि जन्मवेळ हवीच.

इंजेक्शनं देणाऱ्या सिस्टरला मध्येच हाक मारणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे. नातेवाईक सलाइन संपलं म्हणून, वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर कुठे न्यायचं म्हणून, डॉक्टर रिपोर्ट कुठे आहे म्हणून. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत याचा नीट अभ्यास झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला: औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक वैद्यकीय चुकांचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी वाढत होतं. व्यत्यय पूर्ण थांबणार नाहीत. पण आठ ते नऊ या तासात फोन घेण्याचं आणि नातेवाइकांशी बोलण्याचं काम एकाच व्यक्तीला नेमून देता येतं, आणि सिनियर डॉक्टरांनी त्या तासात राउंड न ठेवण्याएवढं सौजन्य दाखवता येतं. हे दुसरं अवघड आहे.

इन्सुलिनबद्दल भारतात वेगळी अडचण आहे, परदेशी पुस्तकांत ती सापडत नाही. आपल्याकडे वायलमधलं (औषधाच्या छोट्या बाटलीतलं) इन्सुलिन बहुधा मिलीमागे ४० युनिटचं असतं, आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटचंही मिळतं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. इन्सुलिन पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये बहुधा १०० चंच. आता मधुमेहाचा पेशंट घरून पेन घेऊन येतो, पेनची सुई संपलेली असते, आणि वॉर्डातली लाल टोपीची सिरिंज कार्ट्रिजमध्ये खुपसून ‘१० युनिट’च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढलं जातं. ती रेघ म्हणजे पाव मिली. पाव मिलीत १०० चं इन्सुलिन २५ युनिट भरतं. अडीच पट डोस, आणि रात्री दोनला साखर कोसळलेली. उलट झालं, म्हणजे ४० चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजने दिलं, तर दहाऐवजी चारच युनिट जातात आणि सकाळी राउंडला ‘साखर उतरत का नाही’ म्हणून डोस वाढवला जातो. मग योग्य सिरिंज हातात आली की पुन्हा रात्री दोन.

यावर चार गोष्टी. वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन ठेवायचं आणि त्याचीच सिरिंज. दुसऱ्या रंगाची टोपी वॉर्डात दिसली तर ती परत पाठवायची. कार्ट्रिजमधून सिरिंजने कधीही ओढायचं नाही. पेन एका पेशंटचं, त्याचंच, त्यावर त्याचं नाव. आणि ऑर्डर लिहिताना युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजीत दहाच्या पुढे नुसता ‘यू’ खरडला की तो शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. दशांश चिन्हाचंही तसंच: अर्धा मिलिग्रॅम लिहिताना आधी शून्य हवा, आणि पाच मिलिग्रॅम लिहिताना पुढे बिंदू-शून्य नको. बिंदू पुसट झाला की पाचाचे पन्नास. डॉक्टरांनी जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ, नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, ही दुरुस्ती वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ साली झाली. वॉर्डातले केसपेपर पाहून तसं वाटत नाही.

आयसीयूत पंपाने हळूहळू द्यायची इन्सुलिनची इन्फ्युजन बनवतात: ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट, म्हणजे एका मिलीत एक. हेच ५० युनिट ४० च्या वायलमधून काढायचे तर सव्वा मिली, १०० च्या वायलमधून अर्धा मिली. वायल बदलली आणि हाताची सवय तीच राहिली तर ५० ऐवजी १२५ युनिट सिरिंज पंपात जातात, पंपावरचा आकडा मात्र अगदी बरोबर दिसतो. इथे डबल चेक हवाच. पण डबल चेक म्हणजे काय, यावर बरंच बोलण्यासारखं आहे. पहिली म्हणते, ‘सव्वा मिली घेतलंय, बघ गं,’ दुसरी ‘हो’ म्हणून सही करते. हा चेक झाला नाही. दुसरीने ऑर्डर स्वतः वाचायची, वायल हातात घ्यायची, पहिलीचं उत्तर न ऐकता आकडा स्वतः काढायचा, आणि मग दोघींचे आकडे जुळतात का पाहायचं. याला वेळ लागतो, म्हणून ते प्रत्येक औषधाला लावायचं नाही. पॅरासिटामॉलच्या गोळीलाही दोन सह्या मागणाऱ्या रुग्णालयात दोन्ही सह्या आंधळ्या असतात. इन्सुलिन इन्फ्युजन, हेपरिन, पोटॅशियम, केमो, मॉर्फिनसारखी औषधं आणि लहान मुलांचे हिशेब, एवढीच यादी पुरे. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची पाच मिलीची वायल ५,००० युनिटचीही येते आणि २५,००० चीही. आकारात काही फरक नसतो.

लहान मुलांत चूक झाली की ती दहा पटीचीही असू शकते, आणि तिचं एक कारण मिलिग्रॅम आणि मिली यांची सरमिसळ. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलची १०० मिलीची बाटली येते, तिच्यात १००० मिलिग्रॅम. मूल १२ किलोचं, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम, म्हणजे १८ मिली. केसपेपरवर नुसतं ‘१८०’ लिहिलेलं असलं की घोटाळा होतो. दुसरा प्रकार जास्त वेळा घडतो: हिशेब बरोबर, पण अख्खी बाटलीच लटकवली जाते, ‘१८ मिली गेलं की बंद करू’ म्हणून. तेवढ्यात शेजारच्या खाटेवर कुणाला तरी झटका येतो. मुलांना बाटली कधीच लावायची नाही. लागेल तेवढं सिरिंजमध्ये किंवा ब्युरेटमध्ये (ड्रिपला जोडायची मापाची नळी) काढून घ्यायचं आणि उरलेलं टाकायचं. टाकताना जीवावर येतं, विशेषतः नातेवाइकांनी विकत आणलेलं असेल तर. तरी टाकायचं. आणि मुलाचं वजन आजचं, किलोत, काट्यावर केलेलं हवं. ‘आई म्हणाली बारा-तेरा’ हे वजन नाही.

नळ्यांचा विषय थोडक्यात, पण गंभीर. नाकातून पोटात गेलेल्या नळीला लागते तीच सिरिंज व्हेनफ्लॉनलाही लागते. आत काय चाललंय ते तोंड सारखं असल्यामुळे कुणी अडवत नाही. दूध शिरेत जाऊ शकतं. शिरेला बसणारच नाही अशी वेगळ्या तोंडाची फीडिंगची सिरिंज मिळते. ती घेणं हाच खरा उपाय, आणि खरेदी समितीत ‘महाग पडते’ म्हणून अडतो तोही हाच. तोवर प्रत्येक नळीला शरीराजवळच्या टोकाला लेबल, आणि काहीही जोडण्याआधी नळी हातात धरून बाटलीपासून शरीरापर्यंत बोटाने मागोवा.

तोंडी ऑर्डर बंद करा असं म्हणणं सोपं आहे. रात्री ते शक्य नसतं. मग निदान फोनवर ऐकलेली ऑर्डर आधी लिहायची, मग लिहिलेली वाचून दाखवायची, आणि पलीकडून ‘बरोबर’ असा शब्द आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर एकच ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे सुटे: वन, फाइव्ह. डॉक्टर वैतागतात. वैतागू द्यावं.

ओव्हरचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण दोन पाळ्यांच्या सांध्यात पुष्कळ चुका होतात. ‘पाच नंबर ठीक, सहा नंबर ठीक, सात नंबरला ताप’ असा उभ्या उभ्या दिलेला ओव्हर म्हणजे हजेरी. अमेरिका-कॅनडातल्या नऊ बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांचा ओव्हर ठरावीक क्रमाने घ्यायला सुरुवात केली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या; तो अभ्यास २०१४ चा. क्रम असा: पेशंट किती गंभीर, थोडक्यात काय झालंय, काय करायचं बाकी आहे, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ओव्हर घेणाऱ्याने हे सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. शेवटची पायरी आपल्याकडे पहिली गळते. ओव्हर खाटेपाशी व्हावा, म्हणजे पंपाचा आकडा, ड्रिपचे थेंब आणि सुजलेला व्हेनफ्लॉन दोघांच्याही डोळ्यांसमोर येतो. थेंबांचाही हिशेब तोंडपाठ हवा: साध्या ड्रिप सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली, मायक्रो सेटचे ६०. ५०० मिली आठ तासांत द्यायचं तर साध्या सेटवर मिनिटाला २१ थेंब.

रुग्णालयाबाहेरचा ओव्हर याहून कच्चा. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आलेली बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. तिथली सिस्टर मॅग्नेशियम सल्फेटचे दहा ग्रॅम देते, प्रत्येक कुल्ल्यात पाच, म्हणजे एकेका बाजूला दोन मिलीच्या पाच अँप्यूल, आणि अँब्युलन्सने पाठवते. हे काम आपल्या ग्रामीण यंत्रणेत चांगलं रुजलं आहे आणि त्याचं कौतुक करायला हवं. घोळ पुढे होतो. रेफर चिठ्ठीवर ‘मॅगसल्फ दिले’ एवढंच. किती, कसं, किती वाजता, काही नाही. किंवा चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात आणि नवरा मागच्या एसटीत. जिल्हा रुग्णालयात मग पूर्ण लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, पुन्हा दिला जातो. अशी बाई पोहोचली की पुढचा कोणताही डोस देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत का, लघवी तासाला तीस मिली तरी आहे का. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर डोस थांबवायचा. उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट, दहा टक्क्यांचं दहा मिली, उशाशी तयार असायला हवं, स्टोअरमध्ये नाही. आणि डोस-वेळ लिहायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे बाईच्या हातावर लावलेली स्टिकिंगची पट्टी. तिथून ती हरवत नाही.

आपल्याकडचा आणखी एक सांधा म्हणजे बाहेरचं मेडिकल. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, नातेवाईक धावतात, मेडिकलवाला ‘हे नाही, पण तेच आहे’ म्हणून दुसरा ब्रँड देतो, कधी दुसऱ्या ताकदीचा. पिशवी थेट खाटेखालच्या कपाटात जाते. फार्मासिस्टची नजर या रस्त्यावर कुठेच पडत नाही. बाहेरून आलेलं प्रत्येक औषध आधी स्टेशनवर दाखवायचं, केसपेपरशी नाव आणि ताकद जुळवायची, त्यावर पेशंटचं नाव टाकायचं, आणि बंद केलेलं औषध त्याच दिवशी परत द्यायचं. नाहीतर बंद केलेलं इंजेक्शन कपाटात आहे म्हणून चौथ्या दिवशीही दिलं जातं.

आता चूक झाल्यावर काय होतं त्याबद्दल. २०१७ साली अमेरिकेत टेनेसीतल्या एका नर्सला एका बाईला शांत करण्यासाठी मिडाझोलाम द्यायचं होतं. औषधांच्या इलेक्ट्रॉनिक कपाटात तिने त्याच्या ‘व्हर्सेड’ या ब्रँडच्या नावाची पहिली दोन अक्षरं, ‘व्ही’ आणि ‘ई’, टाइप केली; कपाट जेनेरिक नावांनी शोधत होतं; समोर आलं व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे करणारं. पेशंट दगावली. नर्सने चूक स्वतः कबूल केली होती. २०२२ साली तिला फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलं. वायल वाचायला हवी होती हे खरंच. पण दोन अक्षरांवर असं औषध देणारं कपाट तसंच राहिलं असतं तर पुढची नर्सही तिथेच पोहोचली असती. अशा कपाटांत निदान पाच अक्षरं टाकावी लागावीत, अशी शिफारस पुढे तिथल्या औषधसुरक्षेच्या संस्थेने केली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात आग लागून किमान ११ रुग्ण गेले, तेव्हा काही दिवसांतच अटक झालेल्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका होत्या. न्याय-अन्यायाची चर्चा इथे करत नाही. पण अशा प्रत्येक बातमीनंतर वॉर्डात एक गोष्ट नक्की होते: थोडक्यात निसटलेली चूक कुणी लिहून देत नाही.

आणि कामाची माहिती नेमकी तिथेच असते. चुकीची अँप्यूल हातात आली, शेवटच्या क्षणी लक्षात आलं, बाजूला ठेवली. कुणाला काही झालं नाही. ही घटना फुकट मिळालेला धडा आहे. ती लिहायला एकच पान हवं, नाव ऐच्छिक, पाच ओळी: काय घडता घडता राहिलं, कुठे, किती वाजता, कशामुळे लक्षात आलं, कशामुळे झालं असावं. पेटी मेट्रनच्या खोलीबाहेर नको, चेंजिंग रूममध्ये हवी. आठवड्यातून एकदा इंचार्ज सिस्टर, फार्मासिस्ट आणि एक डॉक्टर यांनी ती उघडायची, आणि पुढच्या आठवड्यात काय बदललं ते त्याच पेटीवर चिकटवायचं. ‘पोटॅशियमचा डबा खालच्या खणातून हलवला’ असं एक वाक्य तिथे दिसलं की पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या वाढतात. चिठ्ठ्या वाढल्या म्हणजे चुका वाढल्या असं समजून ओरडणारा अधीक्षक असेल तर पेटी दोन महिन्यांत रिकामी होते, आणि अहवालात ते रुग्णालय फार सुरक्षित दिसतं. औषधामुळे पेशंटला त्रास झाला असेल तर त्याची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडेही करता येते, १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर. ती नातेवाईकही करू शकतात.

डिस्चार्जच्या वेळी सगळ्यांनाच घाई असते. योजनेच्या कागदांवर सह्या, बिलाची रांग, खाली रिक्षा थांबलेली, आणि हातात इंग्रजीतलं डिस्चार्ज कार्ड. ‘१-०-१’ आपल्याकडे बहुतेकांना कळतं. घात होतो तो रोज न घ्यायच्या गोळ्यांत. संधिवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते कुणी रोज घेतलं तर आठ-दहा दिवसांत तोंडात फोड येतात, ताप येतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि माणूस दगावू शकतो. कार्डावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढं लिहून भागत नाही. वार लिहायचा, ‘दर सोमवारी’, मराठीत, आणि सोबत दिलेल्या फॉलिक ॲसिडसाठी दुसरा वार. गोळ्या चार आठवड्यांपुरत्याच मोजून द्यायच्या, दहाची अख्खी पट्टी नाही. घरी आधीपासून चालू असलेल्या औषधांची पिशवी मागवून घ्यायची, कारण तीच गोळी दुसऱ्या नावाने तिथे असू शकते. आणि मग पेशंटलाच विचारायचं, ‘आता मला सांगा, ही गोळी कधी घ्यायची?’ शेजारी उभ्या मुलाने उत्तर दिलं तर पुन्हा पेशंटलाच विचारायचं. मुलगा परवा पुण्याला परत जाणार असतो.